एक रिकामा चौकोन आणि फोन नंबर

आमचं पान दिसायला भिकार होतं, हे मी आधीच कबूल करून टाकते. पांढरी पाटी, काळी अक्षरं आणि वर चार मथळे: पाहिजे, देणे आहे, विकणे आहे, हरवले-सापडले. ना फोटो, ना रंग, ना ती आपोआप सरकणारी चित्रं. माझी मुलगी केतकी म्हणायची, "आई, हे इंटरनेटवरचं पान आहे की रेशनची यादी?" केतकी हिंजवडीत एका मोठ्या कंपनीत नेमकं हेच काम करते. लोकांच्या मोबाइलवर जी पानं उघडतात, ती देखणी आणि सोयीची करायची. अशा मुलीच्या आईनं असलं पान चालवावं याची तिला लाज वाटायची आणि मला गंमत.

या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "काकू, कामाबद्दल लिहा, पण शाळेपासून सुरुवात करू नका." बरं बाई, शाळा गाळली. लग्नही गाळलं. एवढंच सांगते, की वीसेक वर्षं मी चिंचवडला वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिराती घ्यायच्या खिडकीत बसले. माणूस कागद पुढे सरकवायचा, मी शब्द मोजायचे. पुढे त्या जाहिराती आटल्या, खिडकी बंद झाली. मग मी काळेवाडीत झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान टाकलं आणि तिथल्याच कॉम्प्युटरवर 'पाटी' सुरू केली. शेजारी कॉम्प्युटर क्लास घेणारे एक सर होते, त्यांनी एका दुपारी दोन कप चहावर ते पान बनवून दिलं. मी त्यांना म्हटलं, "एक रिकामा चौकोन द्या. लोक काय लिहायचं ते लिहितील. खाली फोन नंबर." सर म्हणाले, "एवढंच?" म्हटलं, "एवढंच."

माझं काम काय, तर आलेली प्रत्येक जाहिरात पानावर चढायच्या आधी वाचायची. दिलेल्या नंबरवर फोन करून माणूस खरा आहे ना, ते बघायचं. पंधरा दिवस झाले की जाहिरात उतरवायची. आता मला दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची दांडगी खोड. फोन करायचा माणूस खरा आहे का हे बघायला, आणि बोलणं चालायचं अर्धा तास. या वयात चौकशा करायचा असा हक्काचा परवाना कुणाला मिळतो?

एकदा जाहिरात आली: 'चाकणजवळ एक कॉट देणे आहे. फक्त दिवसा. रात्री मी झोपतो.' मी चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि लगेच फोन लावला. पलीकडे परभणीकडचा एक जण, कंपनीत पहिल्या शिफ्टला. म्हणाला, "काकू, मी सकाळी सहाला जातो ते संध्याकाळी येतो. कॉट दिवसभर रिकामीच पडलेली ऱ्हाती की. रात्रपाळीवाला कुणी भेटला तर त्यालाबी बरं, मलाबी." चार दिवसांत त्याला रात्रपाळीवाला भेटला. गादी एक, चादरी दोन. मला राहवेना. दोन महिन्यांनी पुन्हा फोन करून विचारलं, "अरे, गुरुवारी काय करता?" आमच्याकडे बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारची असते. तो हसायला लागला. "गुरुवारी चिठ्ठी टाकतो काकू. हरंल तो खाली."

दापोडीहून एकानं लिहिलं: 'डबा पाहिजे. भाजीत साखर टाकणाऱ्यांनी फोन करू नये.' त्याला सहा फोन आले आणि सहाही बायकांनी आधी आपला जिल्हा सांगितला. आणखी एक जाहिरात तर मी अजून विसरले नाही: 'कंपनीच्या बसमध्ये डाव्या पायाचा सेफ्टी शूज सापडला आहे. ओळख पटवण्यासाठी उजवा घेऊन यावे.' त्याला कुणाचाच फोन आला नाही. माणूस एका पायात बूट घालून बसमधून उतरतो, घरी जातो, आणि त्याला काही वाटत नाही? आठवडाभर मी भाजी निवडताना हाच विचार करत होते. उत्तर आजही माहीत नाही.

हे सगळं त्या रिकाम्या चौकोनामुळे यायचं. मी जर तिथं 'खोलीचं क्षेत्रफळ', 'मजला', 'फर्निचर आहे/नाही' असे रकाने टाकले असते, तर लोकांनी माझ्या प्रश्नांची उत्तरं दिली असती. त्यांची स्वतःची गोष्ट, कुणाला कुठली शिफ्ट आहे, कुणाला साखर चालत नाही, ती कुठल्याच रकान्यात बसली नसती.

आणि लोक हे पान बघायचे कुठे? बऱ्याच कंपन्यांत मोबाइल आत नेऊ देत नाहीत, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. चहाची सुट्टी दहा मिनिटं. त्यात लॉकर गाठायचा, चहा घ्यायचा, लघवीला जायचं आणि जाहिराती बघायच्या. वर पत्र्याचं छप्पर, नेटवर्कची बोंब. आमचं भिकार पान मात्र कप हातात येईपर्यंत उघडलेलं असायचं.

तर अशात एक दिवस बबनराव दुकानात आले.

बबनराव साळुंखे. मूळचे साताऱ्याकडचे, राहायला दापोडीत, आणि भोसरीला एका लहानशा गाळ्यात त्यांची एकच लेथ मशीन. ज्यांनी लेथ पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. कुंभाराचं चाक आडवं केलं आणि मातीच्या जागी लोखंडाचा दांडा लावला असं समजा. दांडा गरगर फिरतो, समोरून धारदार हत्यार लावायचं आणि हवा तो आकार तासून काढायचा. मोठ्या कंपन्यांना लागणारे लहानसहान भाग असे गाळ्या-गाळ्यांतून बनून जातात. तीस वर्षं बबनरावांनी त्या एका मशीनवर घर चालवलं, मुलीचं लग्न केलं. आता त्यांचे हात थरथरायला लागले होते. त्यात गाळ्याचा मालक तिथं इमारत बांधणार होता. महिनाअखेरीच्या शुक्रवारी गाळा रिकामा करून द्यायचा होता.

त्यांनी खिशातून वहीचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'लेथ मशीन विकणे आहे. साडेसहा फुटी. चालू आहे. येऊन चालवून बघा. भंगारवाल्यांनी फोन करू नये.'

"भंगारवाल्यांवर एवढा राग का हो?" मी विचारलंच.

"राग न्हाई ताई. त्यो माणूस बी पोटासाठीच करतोय. एक जण येऊन किलोचा भाव सांगून बी गेलाय. शुक्रवारपातूर कुणी न्हाई भेटलं तर त्योच उचलणार." त्यांनी कागद माझ्याकडे आणखी सरकवला. "पर चालती मशीन हाय. चालत्या मशीनला घण घालायचा म्हंजे... कुणीतरी चालवणारा बघा ताई. पैसं कमी दिलं तरी चालंल."

अठरा दिवस हातात होते. मी म्हटलं, "काळजी करू नका. पाटीवरून काय काय गेलंय. लेथला पण गिऱ्हाईक येईल."

आणि नेमका त्याच आठवड्यात केतकीनं मला माझ्या वाढदिवसाला नवं पान भेट दिलं.

खोटं कशाला बोलू, बघून मी हरखले. मोरपंखी रंग, गोल कोपऱ्यांचे चौकोन, प्रत्येक जाहिरातीला फोटो, वर झुळझुळीत अक्षरांत 'पाटी'. पोरीनं तीन महिने आपल्या सुट्ट्या घालवल्या होत्या त्यात. मी समोरच्या मेडिकलवाल्याला दाखवलं, गिरणीवाल्या वहिनींना दाखवलं, नणंदेला व्हिडिओ कॉल करून दाखवलं. एवढी वर्षं रेशनची यादी चालवली, आता कुठे माझं दुकान चारचौघांत बसण्यासारखं झालं, असंच वाटलं.

बबनरावांची जाहिरात नव्या पानावर मीच चढवली. तिला आता फोटो लागणार होता. बबनरावांचा मोबाइल बटणांचा. म्हणून मीच रिक्षा करून भोसरीला गेले. त्यांनी मशीन पुसून, तेल घालून ठेवली होती, लेक दाखवायच्या दिवशी नटवून बसवावी तशी. "नुसता फोटू कशाला, चालवून दावतो की," म्हणाले. बटण दाबल्यावर त्यांच्या हाताची थरथर थांबली, हे मी स्वतः पाहिलं. लोखंडाची कुरळी साल निघून खाली पडायला लागली. मी प्रश्न विचारून विचारून त्यांचा जीव खाल्ला. हे काय, ते काय, ही सळई कशाला? "ह्यो बेड," त्यांनी खालच्या लांब ओतीव भागावर हात ठेवला. "मशीनचा कणा म्हना. ह्यो सरळ तर समदं सरळ. आणि हे तोंडाला जबड्यागत हाय न्हवं, ह्यो चक. काम ह्येच्यात धरायचं."

दुकानात येऊन फॉर्म भरायला बसले. निर्मितीचं वर्ष? मशीनवरच्या पत्र्याला तीनदा रंग दिलेला, वर्ष कुणाला ठाऊक? पण ते भरल्याशिवाय गाडी पुढे सरकेना. अंदाजानं टाकलं. स्थिती? नवीन, उत्तम, वापरलेली, जुनी. 'चालू आहे, येऊन बघा' असा पर्यायच नव्हता. 'जुनी' दाबलं. बबनरावांचा मजकूर खाली 'आणखी माहिती' मध्ये गेला. तो बघायचा तर वेगळं बटण दाबावं लागायचं.

आणि तिथं एक लहानशी चौकट होती: 'माझा नंबर दाखवू नका.' ती केतकीनं बायकांसाठी ठेवली होती, भलतेसलते फोन येऊ नयेत म्हणून. विचार चांगलाच होता. पण मला वाटलं, अरे वा! भंगारवाल्यांनी फोन करू नये म्हणतात ना बबनराव, हे तर झकासच झालं. आणि मी त्या चौकटीत टिक केली.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासारख्यांसाठीच.

मग दिवस जायला लागले. बबनराव एक दिवसाआड दुकानात यायचे. आत यायचे नाहीत, पायरीवर उभे राहायचे. "कुणी इचारलं का ताई?"

"अजून नाही हो. येईल."

"मलाबी एक फोन न्हाई." खिशातून तो बटणांचा मोबाइल काढून बघायचे. चालू आहे ना, रेंज आहे ना. एकदा मला म्हणाले, "ताई, जरा माझ्या नंबरवर लावून बघता का?" मी लावला. वाजला. दोघंही त्या वाजणाऱ्या मोबाइलकडे बघत राहिलो.

दहा दिवस झाल्यावर त्यांनी विचारलं, "एवढी वाईट हाय का हो मशीन?" मी समजूत घालायला गेले. म्हटलं, "मशीन छानच आहे हो. पण आता सगळीकडे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीन आल्यात. लोकांना नवं पाहिजे." त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं आणि मलाही. आज लिहिताना त्याचंच जास्त वाईट वाटतं.

इकडे माझ्या दुकानातले फोनही कमी झाले होते. जाहिराती अर्ध्यावर आल्या. मला वाटलं, मंदी असेल. पण चौकशीची खोड स्वस्थ बसू देईना. मी त्या कॉटवाल्याला फोन लावला. तो अजून चाकणलाच होता.

"काय रे, हल्ली पाटी बघत नाहीस?"

"राग मानू नका काकू," तो म्हणाला. "पयलं लई बेस होतं. आता उघडायलाच चहा सरतो. उघडलं की म्हणतंय लॉगिन करा. मग ओटीपी. ओटीपी येईस्तोवर सुट्टी संपल्याचा भोंगा होतो. मग मोबाइल लॉकरला. पर दिसायला भारी झालंय हां, काकू."

दिसायला भारी! मी फोन ठेवला आणि थेट केतकीला लावला. वाटलं होतं, ती चिडेल. पण तिनं काय केलं असेल? तिनं विचारलं, "भोंगा किती वाजता होतो, आई?" चौकशीची खोड पोरीनंही उचललीय. म्हणाली, "या रविवारी येते. नीट बघू या."

त्याआधी महिनाअखेरीचा तो शुक्रवार आला, पण बबनराव आले नाहीत. मला कळलं, काय झालं असेल ते. फोन करायचा धीर झाला नाही.

रविवारी सकाळी केतकी दुकानात माझ्या खुर्चीवर बसली आणि पानाची मागची बाजू उघडली. मागची बाजू म्हणजे जी फक्त चालवणाऱ्याला दिसते. तिथं मी कधी फिरकलेच नव्हते. ती बघता बघता थांबली.

"आई, हे एवढे न वाचलेले मेसेज कुणाचे?"

"कसले मेसेज?"

"ज्यांनी नंबर लपवलाय, त्यांना लोकांनी पाठवलेले. त्यांच्या मोबाइलवर सूचना जाते ना. ती दाबली की उघडतात."

"बटणांच्या मोबाइलवर जाते?"

केतकीनं मानेनंच नाही म्हटलं. "साळुंखे बघ," मी म्हटलं. "बबन साळुंखे. लेथ."

काखेत कळसा अन् गावाला वळसा! अकरा मेसेज होते. अठरा दिवस तो माणूस पायरीवर उभा राहून मला विचारत होता, आणि अकरा मेसेज माझ्याच टेबलावरच्या कॉम्प्युटरात होते. सात नुसते 'लास्ट प्राइस?' वाले. उरलेले चार एकाच बाईचे. वर्षा नाव.

एरवी कुणाचे निरोप वाचू नयेत, पण त्या दिवशी मी एकेक शब्द वाचला. पहिला होता: 'काका, मशीन मला पाहिजे. मी भंगारवाली नाही. आयटीआय टर्नर आहे. चाकणला कंपनीत पॅकिंगला लावलंय, पण हात लेथवरच बसलाय.' दुसरा: 'बेड चकाजवळ किती झिजलाय तेवढं खरं सांगा. बाकी सगळं मी करून घेईन.' तिसरा: 'काका, तुमचा नंबर दिसत नाही. गुरुवारी सुट्टी आहे, येऊन चालवून बघते. पत्ता द्या.' आणि चौथा, त्या शुक्रवारचा: 'मशीन गेली वाटतं. चांगल्या हातात गेली असेल तर बरं वाटेल.'

मी लगेच बबनरावांना फोन लावला. "मशीन कुणी नेली हो?"

"त्यानंच की, भंगारवाल्यानं. परवा सकाळीच. का ओ ताई?"

"असंच," मी म्हटलं आणि गोदाम कुठे आहे ते विचारून घेतलं.

केतकी आणि मी रिक्षानं निघालो. वाटेत ती एकदाच बोलली. "फक्त दोन दिवस झालेत, आई. असेल." मीही तेच म्हणत होते मनात. गोदामाचा मालक म्हातारा, सभ्य माणूस होता. आम्ही लेथ म्हटल्यावर त्यानं डोक्यावरची टोपी मागे सारली. "साळुंखेभाऊंची ना? मॅडम, ती कालच फोडली. ओतीव लोखंड अख्खं ठेवून मी काय करू? गाडी भरायची असते." त्यानं आम्हाला आत नेऊन दाखवलं. तो लांब बेड तीन तुकड्यांत पडला होता. तुटलेल्या कडा आतून राखाडी, खडबडीत. वरची बाजू मात्र तेलानं अजून गुळगुळीत होती. केतकी खाली बसली आणि तिनं त्यावर हात फिरवला. तिचे डोळे भरून आले.

"मी लोकांना काही विचारलंच नाही आई. सगळं माझ्या टेबलावर बसून ठरवलं."

"टिक मी केली," मी म्हटलं. "तुझ्या चौकटीवर काही लिहिलं नव्हतं, की काकूंनी शहाणपणा करावा म्हणून."

बैल गेला अन् झोपा केला, तसं त्याच संध्याकाळी केतकीनं जुनं पान परत लावलं. तीच पांढरी पाटी, तेच चार मथळे. अक्षरं तेवढी जरा मोठी केली. ज्या बायकांना नंबर द्यायचा नाही, त्यांनी 'निरोप पाटीच्या दुकानात' असं लिहायचं, निरोप मी माझ्या तोंडानं पोचवीन, असं आम्ही ठरवलं. केतकी म्हणाली, "मला वाटायचं, साधं पान म्हणजे ज्यावर कुणी मेहनत घेतली नाही असं पान." मला तरी कुठे कळत होतं? मी त्या सरांना 'एवढंच' म्हटलं ते काही विचार करून नव्हे, मला दुसरं काही सुचलं नव्हतं म्हणून. जाहिरात देणारा, बघणारा, आणि मध्ये एक फोन नंबर. मध्ये दुसरं काही नव्हतंच, म्हणून तिथं काही अडकत नव्हतं. हे कळायला मला एका माणसाची मशीन घालवावी लागली.

दोन दिवसांत कॉटवाल्याचा फोन आला, "काकू, पान सुधारलं!" मी हसले, पण मन लागत नव्हतं. बबनरावांना सांगायचं की नाही, हा प्रश्न होता. गेलेली मशीन काही परत येणार नव्हती. न सांगितलं तर त्यांना कधी कळलंही नसतं. केतकी म्हणाली, "आई, उगाच त्यांना आणखी त्रास कशाला?" पण मला ते पायरीवरचं वाक्य सोडत नव्हतं. एवढी वाईट हाय का हो मशीन? तीस वर्षं ज्या मशीनवर संसार केला, ती कुणालाच नको होती, असं धरून तो माणूस बसला होता. आणि ते खोटं होतं. खोटं मीच त्यांच्या गळ्यात बांधलं होतं.

मी मेसेज मोबाइलवर घेतले आणि दापोडीला गेले. रेल्वेलगतच्या गल्लीत घर. बबनराव दारातच खुर्ची टाकून बसले होते, दोन्ही हात मांडीवर. मी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. नंबर मी लपवला, मेसेज माझ्याकडे पडून राहिले, मशीन घेणारी एक मुलगी होती, चूक माझी. एका दमात. थांबले असते तर बोलले नसते.

रुळावरून एक गाडी धडधडत गेली. मला वाटलं, आता हा माणूस मला चालती हो म्हणेल, आणि म्हणावंच त्यानं.

"पोरगी हाय?" त्यांनी विचारलं.

"हो. वर्षा नाव आहे. आयटीआय टर्नर."

"लेथवर पोरगी." ते जरासे पुढे सरकले. "काय लिवलंय, वाचा बरं."

मी चारही वाचले. ते माझ्याकडे बघतच नव्हते. कपाळाला आठी घालून कसलातरी हिशेब लावत होते.

"ते दुसरं परत वाचा. बेडचं."

"बेड चकाजवळ किती झिजलाय तेवढं खरं सांगा. बाकी सगळं मी करून घेईन."

बबनराव हसले. अठरा दिवसांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "बघा की! किंमत न्हाई इचारली, रंग न्हाई इचारला. मशीन जिथं मरती तिथंच बोट ठिवलंय बघा पोरीनं. काम कायम चकाजवळच चालतं, तिथलाच बेड घासतो. हे ज्यानं हातानं चालवलंय त्यालाच ठावं." मग त्यांनी माझ्या मोबाइलकडं हात केला. "हितनं तिला लिवता येतं का?"

"येतं."

"मग लिवा. बेड चकापाशी केसभर खाल्लाय. वीतभर जागा. फुडं शेवटापातूर सरळ हाय."

माझी बोटं थांबली. "बबनराव, पण मशीन तर..."

"ते मागनं लिवा ताई," ते म्हणाले. "पोरीनं आधी जे इचारलंय, त्याचं उत्तर द्या."